एकशे बारा माणसांची वस्ती

नोकरीत असताना मला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "ताई, तुम्ही नेमकं करता काय?" शिक्षिका म्हणावं तर शाळा नाही, नर्स म्हणावं तर सुई नाही, ग्रामसेविका म्हणावं तर शिक्का नाही. माझ्या सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "ती गावोगाव मीटिंगा घेती." त्यात खोटं काही नव्हतं. जालन्याच्या एका संस्थेत समाजसंघटक म्हणून मी एकतीस वर्षं काढली आणि त्यातली निम्मी तरी लोकांच्या सतरंज्यांवर बसून गेली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. आता कुणी विचारत नाही, म्हणून आपणहून सांगते.

आमचं काम असं. एखाद्या गावात पाण्याचं, शेळ्यांचं, बचत गटाचं काही करायचं तर आधी ते गाव समजून घ्यावं लागतं. सरपंच सांगतो ते एक गाव असतं, तलाठ्याच्या कागदात दुसरं असतं आणि बायका हापशावर बोलतात ते तिसरं. या तिन्हींचा मेळ घालायला आम्ही लोकांकडूनच गावाचा नकाशा काढून घ्यायचो. मारुतीच्या पारासमोर किंवा समाजमंदिराच्या अंगणात जागा झाडायची, रांगोळी, राख, विटेचा चुरा आणून ठेवायचा आणि आपण बाजूला बसायचं. लोक आधी लाजतात, मग भांडतात, मग तासाभरात अख्खं गाव जमिनीवर उतरतं. शेवटी प्रत्येक घरावर, घरात जितकी माणसं तितके चिंचोके ठेवायचे. चिंचोके मोजले की लोकसंख्या मिळाली.

या नकाशांनी मला पुष्कळ हसवलं आहे. टेंभुर्णीजवळच्या एका गावात पुरुषांनी काढलेल्या नकाशात पानाच्या तिन्ही टपऱ्या होत्या आणि पिण्याची विहीर नव्हती. एका गृहस्थाने स्वतःच्या घरावर चार चिंचोके ठेवले आणि पाचवा दाताने फोडून अर्धा ठेवला. तो अर्धा कोण, म्हणून विचारलं तर म्हणाला, "मेव्हणा. जेवायला असतो, कामाला नसतो." पण आकडा मात्र बरोबर यायचा. नव्या मुलींना प्रशिक्षणात मी छाती फुगवून सांगायचे, की कागद चुकेल, माणूस चुकेल, चिंचोका चुकत नाही. ही फुशारकी जिथे उतरली त्या वस्तीबद्दल लिहायचं आहे.

जालन्याहून केदारखेड्यावरून भोकरदनला जायचं आणि तिथून पिंपळगाव रेणुकाईच्या बाजूला वळायचं. पुढचं गावाचं नाव लिहीत नाही, माणसं ओळखू येतील. त्या गावाच्या वर, डोंगराच्या खांद्यावर भिल्लांची एक वस्ती आहे. खालच्या गावातून चालत अर्धा तास चढ. गावात माझं येणंजाणं जुनं होतं. मी बौद्ध घरची, हे कळल्यावर तिथल्या दोनतीन घरांत माझा चहा स्टीलच्या कपातून कागदी कपात गेला होता, तोही मी निमूट पीत आले होते. वर वस्तीत पहिल्यांदा गेले तेव्हा जिजाबाई नावाच्या म्हातारीने न विचारता पितळेचा तांब्या पुढे केला. तांब्या अर्धाच होता. त्या दिवशी वस्तीत तेवढंच पाणी शिल्लक होतं हे मला नंतर कळलं.

वस्तीला पाणी नव्हतं. एक झरा होता, तो आटून बरीच वर्षं झाली होती. उन्हाळ्यात खालच्या रस्त्यावर टँकर उभा राहायचा आणि बायका हंडे घेऊन चढ चढायच्या. आमच्या संस्थेकडे तेव्हा वस्त्यांसाठी स्वतंत्र विहीर आणि टाकी बांधून द्यायचा कार्यक्रम आला होता. निकष एकच, वस्तीत निदान शंभर माणसं पाहिजेत. मी राख आणि चिंचोके घेऊन वर गेले.

नकाशा काढला तो बायकांनी आणि पुढारपण जिजाबाईचं. वयाचा तिला स्वतःला पत्ता नव्हता. बारीक अंगाची, सतत खोकणारी आणि कुणाला न जुमानणारी. चिंचोके ठेवताना ती प्रत्येक घरापाशी थांबून विचार करून ठेवत होती. एकूण भरले एकशे बारा. मी खुशीत वहीत लिहिलं आणि प्रस्ताव पाठवला.

पंधरा दिवसांनी ऑफिसातून फोन आला. पडताळणीला दुसरी कार्यकर्ती जाऊन आली होती. घरोघर फिरून तिने मोजली ती माणसं चौऱ्याण्णव. साहेब थंडपणे म्हणाले, "विमलताई, अठरा माणसं कुठं आहेत?"

माझा संताप मुळात जवळ असतो. दुसऱ्या दिवशी चढ चढून जिजाबाईच्या उंबऱ्यात पोचेपर्यंत तो अगदी ओठांवर आला होता. "जिजाबाई, मान खाली घालायला लावलीत मला. इतक्या वर्षांत माझा आकडा कधी चुकला नाही. अठरा माणसं खोटी दाखवलीत तुम्ही."

ती सुपात मका निवडत होती. हात थांबला नाही. "खोटी कोन? नावं सांगा."

"मला काय ठाऊक नावं? नसलेल्या माणसांची नावं कशी सांगू?"

"म्या सांगते की." तिने सूप बाजूला ठेवलं आणि बोटांवर सुरू केलं. "सखाराम. त्येची भावजय. गंगीची दोन लेकरं. म्हातारा तुका." अशी ती मोजत सतरापर्यंत गेली. मग जरा थांबून म्हणाली, "आन माझी कासू."

"कासू कोण?"

तिने हनुवटीने कोपऱ्याकडे दाखवलं. तिथे कणगीला टेकून जुन्या लुगड्याचं एक गाठोडं होतं. मी ते आधीही पाहिलं होतं आणि पाटा-वरवंट्यापैकी काहीतरी असेल असं समजले होते. जिजाबाईने उठून गाठ सोडली. आत हातभर लांबीचा काळा, गुळगुळीत दगड होता, तेल लावून लावून तुकतुकीत झालेला.

मग तिने सांगितलं ते असं. वस्तीत माणूस गेलं की मातीच्या दिवशीच नाल्यातून त्याच्या नावाचा एक दगड आणतात आणि घरात ठेवतात. पुढे एक दिवस ठरवून त्या दगडाला झऱ्याच्या पाण्याने आंघोळ घालतात आणि वरच्या मोहाच्या झाडाखाली नेऊन बसवतात. त्या दिवशी ते माणूस घरातून निघालं. तोवर ते घरातच असतं. सणाला त्याचं ताट वाढतात, शेळी विकायची तर त्याच्या कानावर घालतात. बाकीच्या भिल्ल वस्त्यांत अशीच्या अशी पद्धत मला पाहायला मिळाली नाही. या वस्तीची ही रीत.

"तुम्हीच म्हनल्या, घरात जितकी मानसं तितके चिंचोके," जिजाबाई म्हणाली. "कासू घरात हाये. मंग ठेवला."

"पण मग आंघोळ घालून टाकायची ना. किती वर्षं झाली कासूला?"

"अकरावं चालू हाये. ऊसतोडीवर गेल्ती, तकडंच बाळंतपनात गेली. दोघं बी गेले."

"अकरा वर्षं?"

"झऱ्याला पानी कुठंय? जल्मली तवा ज्या पान्यानं न्हाली, त्याच पान्यानं जायाचं असतंय. टँकरच्या पान्यानं न्हाऊ घालू का लेकराला?"

झरा आटल्यापासून वस्तीतलं एकही गेलेलं माणूस जाऊ शकलं नव्हतं. अठरा दगड घरोघरच्या कोपऱ्यांत होते. आणि आंघोळ घालायची ती आईनेच. आई नसेल तर बहिणीने, भावजयीने, सुनेने. बाकीच्यांचं कुणी ना कुणी होतं. कासूला जिजाबाईशिवाय कुणी नव्हतं. "म्या आधी गेले तर ती बसली हितंच," तिने सांगितलं आणि खोकल्याची उबळ आली म्हणून दाराबाहेर जाऊन थुंकून आली. त्यानंतर पुन्हा मका निवडायला लागली.

इथे माझ्याबद्दल सांगायला हवं. माझ्या आजोबांनी धर्मांतर केलं तेव्हा घरातले देव टोपलीत भरून नदीला दिले होते. आमच्या घरात श्राद्ध नाही, पिंड नाही, कावळा नाही. दगडाला आंघोळ घालून माणूस मार्गी लागतं यावर माझा तेव्हा विश्वास नव्हता, आज लिहितानाही नाही. पण त्या झोपडीत, त्या तुकतुकीत दगडाकडे पाहताना माझा आवाज आपोआप खाली आला. अकरा वर्षं रोज तेल. मी आयुष्यभर 'लोकसहभाग' हा शब्द अहवालांत लिहीत आले होते, आणि इथे एक वस्ती आपल्या मेलेल्यांनाही मोजणीतून वगळायला तयार नव्हती.

निघताना जिजाबाई म्हणाली, "लिहून टाका की अठरा नावं. काय बिघडतंय?"

"वयाचा रकाना असतो, जिजाबाई. वय काय लिहू?"

"कासूचं एकवीस लिहा. ते काय आता वाढत न्हाई."

मी चौऱ्याण्णवच लिहिले. प्रस्ताव परत आला. वस्तीला खालच्या गावाच्या नळयोजनेत जोडावं असा शेरा होता, आणि त्या योजनेचं पाणी डोंगर चढत नव्हतं.

विहीर गेली, निदान झरा तरी बघावा म्हणून मी जालन्याच्या कुलकर्णी सरांना गाठलं. सर कॉलेजात भूशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. दगडाशी तासभर बोलतील, माणसाशी दोन मिनिटं. छत्री टेकत ते झऱ्यापाशी गेले, जागा उकरून पाहिली आणि नाल्याच्या कडेने खाली उतरायला लागले. मी आणि जिजाबाई मागे. झऱ्यापासून थोड्याच अंतरावर, नाला खोल आणि सरळसोट झालेला होता. सर काठावर थांबले.

"हे खोलीकरण कुणी केलं?"

"आम्ही," मी म्हणाले. अभिमानानेच म्हणाले. त्या नाल्याचं खोलीकरण हे माझं सगळ्यात गाजलेलं काम. खालच्या गावातल्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी टिकलं होतं, गावाने माझा सत्कार केला होता, आणि संस्थेच्या माहितीपुस्तिकेच्या कव्हरवर त्या नाल्याचाच फोटो होता.

सरांनी छत्रीच्या टोकाने कापलेली बाजू दाखवली. वर मुरूम आणि झिजलेला, भेगाळ दगड. त्याखाली काळा, अखंड दगड. "डोंगराचं पाणी या वरच्या थरात मुरतं आणि या काळ्या दगडावर अडून राहतं. भरलं की झऱ्यातून बाहेर येतं. भरलेल्या परातीचा काठ एका बाजूने कापून टाकला तर काय होईल? तुम्ही तो काठ कापलात. पाणी झऱ्यापर्यंत चढायच्या आत इथूनच निसटून खाली जातं."

मी कडेच्या दगडावर बसले. बारा वर्षांपूर्वी मशीन आणलं ते मी. आखणीला उभी राहिले ती मी. कासूला आणि आणखी सतरा जणांना कोपऱ्यात बसवून ठेवलं ते माझ्या सत्काराच्या कामाने.

जिजाबाई शेजारी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच नवं दिसेना. "तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"मंग. मशीन लागलं अन् दुसऱ्या साली झरा गेला. पानी कुठं गेलं ते शेळ्यांला बी ठावं व्हतं."

"मग बोलला का नाहीत कधी?"

"बोलल्ते की. गावात, मीटिंगीत. समद्या बाया आल्तो आमी. तुम्हीच तर लिहून घेऊन राह्यल्या व्हत्या."

त्या संध्याकाळी ऑफिसात जाऊन मी जुन्या इतिवृत्ताच्या वह्या काढल्या. इतिवृत्त म्हणजे सभेत कोण काय बोललं त्याची नोंद. ती सुबक ठेवण्याबद्दल माझं नाव होतं. ती सभा सापडली. माझंच अक्षर, वळणदार, एकही खाडाखोड नाही. 'वरच्या वस्तीतील महिलांनी पाण्याविषयी अडचण मांडली. त्यावर चर्चा झाली.' खाली सरपंचाची सही आणि चहापाण्याचे आभार. काय चर्चा झाली हे मला काही केल्या आठवेना. बहुधा झालीच नसावी. अशा ओळी मी शेकड्यांनी लिहिल्या असतील, आणि त्या प्रत्येकीच्या मागे कोण उभं होतं हे आता शोधायची सोय नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

उपाय कुलकर्णी सरांनीच सांगितला. कापलेल्या जागी नाल्यात आडवा चर खणायचा, थेट काळ्या दगडापर्यंत, आणि तो काळ्या चिकणमातीने भरून घट्ट दाबायचा. जमिनीच्या पोटातली भिंत. परातीचा काठ पुन्हा लावायचा. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "कव्हरवरचं काम आपणच बुजवायचं?" मी म्हणाले, हो, आपणच, आणि कव्हरही बदलायचं. कव्हर काही बदललं नाही, पण परवानगी मिळाली. अट मात्र एक होती, खालच्या गावाची संमती पाहिजे. संमती म्हणजे मुख्यतः बबनरावांची. खोलीकरणाच्या लगत खाली त्यांची विहीर, तिच्यावर त्यांची मोसंबीची बाग, आणि गाव त्यांच्या तोंडाकडे बघून हात वर करणारं.

मी जिजाबाईला सोबत घेऊन त्यांच्या ओसरीवर गेले. सगळं समजावून सांगितलं. बबनराव शांतपणे ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "ताई, तुम्हीच खोदलं, तुम्हीच नारळ फोडायला लावला, आन आता तुम्हीच बुजवून राह्यल्या? मी बाग काय टँकरवर जगवू? बिलकुल न्हाई."

त्यांचं चुकत नव्हतं. मी आकडेमोडीचा कागद काढला, सरांनी लिहून दिलेला, की विहिरीला फारसा फरक पडणार नाही. त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. जिजाबाई खाली पायरीवर बसली होती. पाण्याबद्दल ती अक्षरही बोलली नाही. उठता उठता एवढंच म्हणाली, "सखाराम अजून हितंच हाये, पाटील."

सखाराम म्हणजे बबनरावांच्या शेताचा राखणदार. ज्वारीच्या दिवसांपासून मक्याच्या दिवसांपर्यंत, तीस वर्षं माळ्यावर बसून त्याने त्यांचं पीक रानडुकरांपासून राखलं होतं.

"कोन सखाराम? आपला?" बबनराव म्हणाले. "त्यो तर कवाच गेला. मी मातीला आल्तो की."

"आल्ते तुम्ही. पर त्यो गेला न्हाई. कसा जाईल? न्हाऊ घालायला पानी न्हाई." आणि तिने मला सांगितलं होतं ते सगळं त्यांना चार वाक्यांत सांगितलं. तक्रारीचा सूर नव्हता. एखाद्याच्या घरचा निरोप द्यावा तसं.

बबनरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. "कुठंय?"

"सुनेच्या घरात. दाराच्या मागं."

आम्ही परत निघालो. माझ्या हिशेबी काम संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वस्तीतच होते. चढावरून बबनराव येताना दिसले, धापा टाकत, दर वळणावर थांबत. साठी उलटलेला माणूस. मातीला आले होते ते नाल्याकाठूनच परतले होते, वस्तीत पाय ठेवायची ही त्यांची पहिली वेळ. सखारामचं घर त्यांना विचारावं लागलं. सुनेने दाराआडचं गाठोडं पुढे आणलं. ते समोर मांडी घालून बसले आणि खिशातून तंबाखूची पुडी काढून गाठोड्यापाशी ठेवली. बराच वेळ बसले. मी दाराबाहेर होते, ते काही बोलले की नाही मला माहीत नाही. उतरताना माझ्यापाशी थांबून म्हणाले, "जल्दी करा काय करायचं ते. पर हिरीला कमी पडलं तर तुमच्या ऑफिसच्या दारात येऊन बसंन, बराबर ध्यानात ठेवा."

भिंतीचं काम इर्जिकीने झालं. इर्जिक म्हणजे ज्याचं काम त्याने बोलवायचं, सगळ्यांनी येऊन राबायचं आणि संध्याकाळी त्याच्या घरी जेवायचं. इथे काम कुणा एकाचं नव्हतं, म्हणून प्रत्येक घरातून भाकरी आल्या आणि पिठलं एकाच कढईत झालं. चिकणमाती बबनरावांच्या तळ्यातली, त्यांच्याच ट्रॅक्टरने जिथवर वाट होती तिथवर आली, पुढे डोक्यावरून. मातीचा वीतभर थर टाकायचा, ओला करायचा, पायांनी तुडवायचा, मग दुसरा. कुलकर्णी सर प्रत्येक थरात छत्री खुपसून बघायचे आणि छत्री आत गेली की पुन्हा तुडवायला लावायचे. चौथ्या दिवशी छत्रीचं टोक वाकलं, तेव्हा त्यांनी काम पसंत केलं.

पुढच्या पावसाळ्यानंतर मी रोज झऱ्याकडे डोळे लावून बसले होते. पाऊस बेताचा झाला. झऱ्याची जागा ओलसर झाली, दगडावर हिरवं शेवाळ आलं आणि पौषात तेही वाळलं. सर म्हणाले, परात रिकामी होती, भरायला वेळ लागेल. त्यांना वेळेची काळजी नव्हती. मला होती, कारण त्या उन्हाळ्यात जिजाबाईचा खोकला छातीत उतरला. भोकरदनच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दाखल व्हायला सांगितलं. ती ऐकेना. "कासू एकली हाये घरी." शेवटी मी म्हणाले, "तुम्ही इथं झोपा. मी बघते तिच्याकडं."

चार दिवस मी रोज चढ चढून त्या घरी गेले. दार उघडायचं, केर काढायचा, गाठोडं सोडून दगडाला तेल लावायचं, पुन्हा बांधायचं आणि थोडा वेळ बसायचं. माझ्यासारख्या बाईने हे केलं असं कुणी सांगितलं असतं तर मीच हसले असते. माझी आई गेली तेव्हा मी परभणीला एका प्रशिक्षणात होते, आणि पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्या चार दिवसांत तिचा चेहरा जितका स्पष्ट आठवला तितका त्याआधी कधी आठवला नव्हता. पाचव्या दिवशी जिजाबाई परत आली. गाठोड्याची गाठ तिने चाचपून पाहिली आणि म्हणाली, "गाठ उलटी मारलीया." एवढंच.

त्यापुढचा पावसाळा चांगला झाला. मार्गशीर्षात एका सकाळी वस्तीतून फोन आला. मी पोचले तेव्हा झऱ्यापाशी सगळी वस्ती गप्प उभी होती. दगडाच्या फटीतून करंगळीएवढी धार येत होती. अगदी स्वच्छ. मला वाटलं आता लोक ओंजळी पुढे करतील. कुणीही केली नाही. पोरंसुद्धा नुसती बघत होती. एका बाईने धारेखाली मातीची घागर लावली. भरली तशी ती बाजूला ठेवून दुसरी लावली.

अशा अठरा घागरी भरायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत जिवंत माणसं खालच्या गावातून आणलेलंच पाणी प्यायली. मी गावोगाव पाण्याची उद्घाटनं पाहिली आहेत, नळ सुटला की होणारी झुंबड पाहिली आहे, पहिल्या कळशीवरून झालेली मारामारी सोडवली आहे. तेरा वर्षं तहानलेली वस्ती आपल्या पाण्याला हात न लावता शेजारी बसून राहते, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून मोहाखाली आंघोळी सुरू झाल्या. ज्याचं जे नातं, तसं. सखारामच्या सुनेने पदर डोक्यावर ओढून, सासऱ्याकडे न बघता पाणी घातलं. बबनराव टोपी हातात धरून लांब उभे होते. गंगीने आपली दोन्ही लेकरं एकाच घागरीत न्हाऊ घातली. दुसरी घागर तिने वापरलीच नाही, जिला कुणाला वाटेल तिने घ्यावी म्हणून ठेवून दिली. एकेक दगड पुसून रांगेत बसत होता. बसला की घरचं माणूस वाकून कानाशी बोलावं तसं काहीतरी बोलायचं आणि मागे सरायचं.

जिजाबाईची घागर मात्र उन्हात ठेवलेली होती. "घ्या की आता, जिजाबाई," कुणीतरी म्हणालं.

"तिला गार पानी सोसत न्हाई. येऊ द्या ऊन वर."

सतरा झाले. दुपार झाली. तिने घागरीत हात घालून पाहिला आणि मग ती जमिनीवर बसली, लुगडं गुडघ्यांवर घेतलं आणि दोन्ही पाय समोर लांब केले. बाळंतिणीच्या घरी म्हातारी बाई तान्ह्या पोराला न्हाऊ घालायला बसते तशी. दगड तिने दोन्ही हातांनी उचलून नडग्यांवर आडवा घेतला. आधी तेल, सावकाश, वरून खाली. मग ओंजळीने पाणी. वरच्या टोकाला पाणी घालताना तिने डावा हात आडवा धरला, डोळ्यांत जाऊ नये म्हणून.

आजूबाजूच्या बायका रडत होत्या. मीही रडत होते. ती रडत नव्हती. ती तोंडाने सारखं "झालं माय, झालं, झालं" म्हणत होती, घागर संपेपर्यंत. संपल्यावर तिने दगड पदराने कोरडा केला आणि तो बसवायला दुसऱ्यांच्या हाती दिला. बायकांनी तिला उठवायला हात पुढे केले. तिने मानेने नको म्हटलं. पाय तसेच लांब ठेवून, ओल्या नडग्या वाळेपर्यंत ती उन्हात बसून राहिली.